‘मला वाचता येत नाही’ हे मूल कुठे शिकते?

मुलाला स्वतःबद्दल जे वाटते, ते त्याने आरशात पाहून ठरवलेले नसते. अम्मीचा चेहरा, अब्बूंचा आवाज, दादीचे कौतुक, शेजारच्या मुलांचे चिडवणे यांतून ते थोडे थोडे जमत जाते. ‘हा फार खोडकर’, ‘ही मोठी समजूतदार’, ‘याला काही जमत नाही’ अशी वाक्ये मोठी माणसे सहज बोलतात आणि विसरून जातात. मूल मात्र ती सांभाळून ठेवते. पाचव्या-सहाव्या वर्षी ते शाळेत आणि मकतबमध्ये जाऊ लागते, तेव्हा या साठ्यात आणखी एका वाक्याची भर पडते: ‘मला वाचता येते’ किंवा ‘मला वाचता येत नाही’.

यातले दुसरे वाक्य मनात बसले की ते केवळ भाषेच्या तासापुरते राहत नाही. परिसर अभ्यास असो, गणितातले शाब्दिक उदाहरण असो की दीनियातचा धडा असो, तिसरीपासून पुढे जवळपास सगळे वाचूनच शिकायचे असते. म्हणून ‘मला वाचता येत नाही’ याचा अर्थ मुलाच्या मनात हळूहळू ‘मला शिकताच येत नाही’ असा होतो.

वाचनाची आणखी एक गोष्ट वेगळी आहे. गणित चुकले तर ती चूक वहीत राहते. बाईंनी तपासली तर कळते, नाहीतर झाकून जाते. वाचन अडखळले तर ते साऱ्या वर्गाला ऐकू जाते. उभे राहून मोठ्याने वाचताना तिसऱ्या शब्दाला अडलेल्या मुलाला मागच्या बाकावरचे हसू ऐकू येते. घरी आल्यावर तेच पुन्हा अब्बूंसमोर होते. असे वीस-पंचवीस वेळा झाले की मूल पुस्तक उघडण्याआधीच पराभव मानून बसते.

आधी काय, आत्मविश्वास की वाचन?

हा प्रश्न संशोधकांनी बराच काळ तपासला आहे. अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात वॅटनबर्ग आणि क्लिफर्ड या दोघांनी बालवाडीतल्या मुलांना स्वतःविषयी काय वाटते याची नोंद केली आणि अडीच वर्षांनी त्याच मुलांचे वाचन तपासले. त्यांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला. बालवाडीतले स्वतःबद्दलचे मत आणि पुढची वाचनातली प्रगती यांचा स्पष्ट संबंध त्यांना दिसला. तोवर बहुतेकांची समजूत अशी होती की वाचन हा निव्वळ बुद्धीचा मामला आहे.

पुढे न्यूझीलंडमध्ये मॅसी विद्यापीठाच्या जेम्स चॅपमन आणि विल्यम टनमर यांनी हा धागा आणखी बारकाईने तपासला. तिथे मुले पाच वर्षांची झाली की शाळेत जाऊ लागतात. काही वर्षांनी जी मुले अभ्यासात स्वतःला कमी लेखू लागली होती, ती शाळेत आली तेव्हाच अक्षरओळखीत आणि शब्दातले सुटे ध्वनी ओळखण्यात कच्ची होती, असे त्यांना आढळले. म्हणजे या मुलांमध्ये कमीपणाची भावना हवेतून आली नव्हती. वाचनाच्या पहिल्या पायऱ्या निसटल्या आणि त्या पडझडीतून मुलांनी स्वतःबद्दलचा निष्कर्ष काढला.

हे दोन्ही एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होते. सुरुवातीला वाचनातले यशापयश मुलाचे स्वतःबद्दलचे मत घडवते. मग ते मत वाचनाला पुढे ढकलू लागते किंवा मागे ओढू लागते. ज्याला वाचता येते तो आवडीने वाचतो, जास्त वाचतो, नवे शब्द शिकतो आणि आणखी चांगले वाचू लागतो. ज्याला अडचण येते तो वाचन टाळतो. टाळल्यामुळे सराव होत नाही आणि अंतर वाढत जाते. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली वाचनातल्या या प्रकाराची तुलना श्रीमंत अधिक श्रीमंत आणि गरीब अधिक गरीब होण्याशी केली होती. पहिलीतले लहानसे अंतर पाचवीत दरी होते, ते असे.

तुमचे मूल एकटे नाही

पालकांना वाटते, सगळ्यांची मुले पुढे गेली, आमचेच मागे राहिले. ‘असर’ हे सर्वेक्षण २००५ पासून देशातल्या ग्रामीण घरांत जाऊन मुलांकडून एका कागदावरची अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट वाचून घेते. २०२४ च्या पाहणीत तिसरीतल्या मुलांपैकी फक्त २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. कोविडनंतर २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्के होते. पाचवीतही निम्म्याहून थोडी अधिक मुले दुसरीची गोष्ट वाचू शकत नव्हती. इतक्या मोठ्या संख्येने मुले ‘ढ’ असू शकत नाहीत. त्यांच्या हातात दिलेला मजकूर आणि त्यांची पायरी यांचा मेळ बसलेला नाही, एवढाच याचा अर्थ आहे.

हा मेळ बसवला की काय होते, याचाही अनुभव आपल्या जवळचाच आहे. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील शाळांमध्ये ‘बालसखी’ उपक्रम चालवला. वस्तीतलीच एखादी तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे आणि ती मुले जिथे होती तिथूनच त्यांना शिकवे. पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह या उपक्रमाची पाहणी केली, तेव्हा मुलांची प्रगती ठळक दिसली. मूल ज्या पायरीवर उभे आहे, तिथपासून हात धरला तर ते चढते.

आमच्या मुलांच्या तीन लिप्या

मराठी मुस्लिम घरातल्या मुलाचे वाचन इतरांपेक्षा थोडे वेगळे असते. सकाळी किंवा असरनंतर ते कायदा घेऊन मकतबला जाते. तिथे उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. बे, ते, से या अक्षरांत फरक फक्त नुक्त्यांचा आणि एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळ्या रूपात दिसते. शाळेत देवनागरी डावीकडून उजवीकडे. तिथे घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांचा घोळ होतो. ‘कि’ वाचताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर होतो. एकटा र जोडाक्षरात चार रूपे घेतो. त्यात इंग्रजीची भर पडते. तिथे एकच अक्षर कधी एक आवाज काढते, कधी दुसरा.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. अनेक घरांत दख्खनी किंवा उर्दू बोलतात, कोकणात कोकणी बोलतात. घरी ‘गिलहरी’ म्हणणारे मूल मराठी पुस्तकात ‘खार’ वाचते. घरी ‘कछुआ’ ऐकलेले मूल ‘का-स-व’ असे एकेक अक्षर बरोबर जुळवते, पण त्यातून कोणताही प्राणी डोळ्यांसमोर येत नाही. अक्षरे बरोबर वाचूनही अर्थ लागला नाही, की मुलाला वाटते आपले वाचनच चुकले. ते पुन्हा मागे जाते, पुन्हा अडखळते. इथे अडचण वाचनाची नसून त्या एका शब्दाची असते. कुणी बाजूला बसून ‘खार म्हणजे गिलहरी’ एवढे सांगितले, तरी मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरते.

या तीन लिप्यांकडे केवळ ओझे म्हणून पाहू नये. सात-आठ वर्षांच्या ज्या मुलाने नाजरा पूर्ण केला आहे किंवा अम्मा पारा अस्खलित वाचतो, त्याने एक अवघड लिपी आत्मसात केली आहे. आवाज आणि अक्षर यांचे नाते त्याला कळते, जेर-जबर-पेशच्या खुणा तो झटकन टिपतो. तेच मूल शाळेत मराठीत अडखळले म्हणून स्वतःला बिनडोक समजत असेल, तर त्याच्याच आयुष्यातला पुरावा त्याच्यासमोर ठेवावा: “बेटा, कायदा सुरू केलास तेव्हा अलिफ आणि लाम ओळखता येत नव्हते. आठव. आता पान न अडखळता वाचतोस. ते कसे जमले? रोज थोडे थोडे वाचून जमले ना? मराठीही तशीच जमेल.” अशा बोलण्याला वजन असते, कारण ते खरे असते. एका लिपीतला विश्वास दुसरीत नेण्याची ही संधी पालकांनी दवडू नये. उलट बाजूनेही हेच करता येते. शाळेत पुढे आणि मकतबमध्ये मागे असलेल्या मुलाला शाळेतला अनुभव आठवून द्यावा.

अडखळणाऱ्याचा मान

आपल्या दीनमध्ये अडखळणाऱ्या वाचकाकडे पाहण्याची जी नजर दिली आहे, ती फार कमी लोक मुलांना सांगतात. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली एक हदीस आहे. तिचा आशय असा की, कुरआन पठणात निपुण असलेल्याचा दर्जा मोठा आहेच. पण जो अडखळत, कष्ट सोसत वाचतो त्याला दुहेरी मोबदला आहे. ही गोष्ट कुरआन पठणाबद्दल आहे. पण ज्या घरात ही हदीस माहीत आहे, त्या घरात अडखळणाऱ्या मुलाला टपली कशी मारावी? कष्टाने वाचणाऱ्याची इज्जत जास्त, हे मुलाला उस्ताद आणि पालक या दोघांकडूनही दिसले पाहिजे.

तसेच सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत एकमेकांची टिंगल करण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई आहे. ती आपण मोठ्यांच्या भांडणांपुरती मानतो. ‘मठ्ठ’, ‘ढब्बू’, ‘गधा’, ‘नालायक’ ही नावे घरात कुणाला सर्वाधिक ऐकावी लागतात, याचा विचार करावा. बहीण-भावांची तुलना हा त्याचाच एक प्रकार आहे. “तुझी बहीण बघ, चौथीत होती तेव्हा वर्तमानपत्र वाचायची” या वाक्याने आजवर कुणाचे वाचन सुधारल्याचे ऐकिवात नाही. बहिणीबद्दलची कटुता मात्र पुष्कळदा वाढते.

शाबासकीही जपून

याचा अर्थ मुलाला उठता-बसता ‘वा, किती छान’ म्हणावे असा नाही. मुलांना खोटे कौतुक लगेच ओळखू येते. जे पान आपण चुकतमाकत वाचले त्यावर ‘एकदम फर्स्ट क्लास’ ऐकले, की मूल मनात म्हणते, यांनी नीट ऐकलेच नाही. किंवा माझ्याकडून याहून अधिक अपेक्षाच नाही.

१९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर काही प्रयोग केले. कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले, काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ असे. पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर हुशारीची तारीफ ऐकलेली मुले अधिक लवकर खचली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. मेहनतीची दाद मिळालेली मुले टिकून राहिली. हुशारीचा शिक्का मिळाला की तो जाण्याचीही भीती मिळते.

म्हणून दाद नेमकी असावी. “काल ‘विद्यार्थी’ या शब्दाला थांबली होतीस, आज स्वतः फोड करून वाचलास.” “तो शब्द चुकला हे तुझे तुलाच कळले आणि तू मागे गेलास, हे चांगले झाले.” अशा वाक्यात मुलाला आपली प्रगती दिसते. उद्या काय करायचे तेही कळते.

घरी काय करता येईल?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले की ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतःला आलेले यश, आपल्यासारख्याच कुणाला जमलेले पाहणे, विश्वासातल्या माणसाचे बोल आणि त्या वेळची शरीर-मनाची शांतता. घरी या चारही वाटा उघडता येतात.

पहिली वाट, स्वतःचे यश. ही सर्वांत पक्की. रोज पंधरा मिनिटे पुरेत, पण मजकूर मुलाच्या पायरीचा हवा. वीस शब्दांत एखादाच शब्द अडत असेल तर तो मजकूर योग्य. चार-पाच अडत असतील तर तो बाजूला ठेवावा, मग इयत्ता कोणतीही असो. चौथीतल्या मुलाने दुसरीची गोष्ट वाचली म्हणून काही बिघडत नाही. तेच पान तीन-चार दिवस पुन्हा वाचू द्यावे. पहिल्या दिवशी अडखळलेले पान चौथ्या दिवशी सरळ वाचले जाते आणि हा फरक मुलाला स्वतःच्या कानांनी ऐकू येतो. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. जरा मोठ्या मुलांना त्यातल्या छोट्या गोष्टी आवडतात. लहानांसाठी ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांतल्या चित्रगोष्टी पातळीनुसार मोफत मिळतात. एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळाली तर आणखी चांगले.

दुसरी वाट, आपल्यासारखे कुणी. मुलाने फक्त वर्गातला पहिला नंबर पाहू नये. जो चुलतभाऊ किंवा मोठी बहीण आधी अडखळत असे आणि आता वाचते, तिलाच जवळ बसवावे. मोठ्यांनीही मुलांसमोर वाचावे. अब्बूंनी बिल, औषधाची चिठ्ठी, वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचावी. एखाद्या शब्दाला थांबले तर तेही मुलाला दिसू द्यावे. मोठी माणसेही थांबतात, मागे जातात आणि पुन्हा वाचतात, हे मुलासाठी मोठे समाधान असते.

तिसरी वाट, आपले बोल. मूल अडले की लगेच शब्द सांगून टाकू नये. मनात पाच आकडे मोजावेत. तेवढ्यात ते पुष्कळदा स्वतःच शब्द सोडवते. नाही जमले तर शांतपणे शब्द सांगून पुढे जावे. प्रत्येक चूक धरू नये. अर्थ बदलत असेल तीच दुरुस्त करावी. फार अवघड पान असेल तर पालकांनी आणि मुलाने एकाच वेळी, एका सुरात वाचावे. मूल खुणेने थांबवील तेव्हा आपण थांबावे आणि त्याला एकट्याला पुढे जाऊ द्यावे.

चौथी वाट, शांतता. परीक्षेच्या आदल्या रात्री, पाहुण्यांसमोर किंवा मार बसल्यानंतर वाचायला लावू नये. “जरा काकांना वाचून दाखव” ही फर्माईश अडखळणाऱ्या मुलासाठी शिक्षा असते. घाबरलेले मूल आपली निम्मी शक्ती समोरच्याचा चेहरा वाचण्यात घालवते. पानासाठी काय उरणार?

अम्मीला वाचता येत नसेल तर?

‘मला स्वतःला मराठी वाचता येत नाही, मी काय शिकवणार?’ असे अनेक माता म्हणतात. लंडनच्या हॅरिंगे भागात टिझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांना एवढेच सांगितले होते की मुलाने शाळेतून आणलेले पुस्तक नियमितपणे त्याच्याकडून ऐकावे. त्यांतल्या काही पालकांना इंग्रजी येत नव्हते, काहींना वाचताच येत नव्हते. तरीही या मुलांच्या वाचनात चांगली सुधारणा झाली. हा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुलाला दरवेळी शिक्षक लागत नाही, कान देणारे माणूस लागते. स्वयंपाक आटोपल्यावर दहा मिनिटे बसून “आज काय वाचलेस? मला समजेल असे सांग” असे अम्मीने म्हटले, तर मूल वाचते, आपल्या बोलीत अर्थ सांगते आणि त्या घटकेला घरातला जाणता तोच असतो. स्वतःबद्दलचे मत बदलायला याहून चांगली जागा कोणती?

अडचण वेगळी असेल तर

काही मुलांच्या बाबतीत प्रेम आणि सराव पुरत नाही. अशा वेळी आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळा धूसर दिसणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही आपण ‘लक्ष देत नाही’ म्हणतो. ते ठीक असूनही, नियमित सराव करूनही, दुसरी-तिसरीनंतर मूल साध्या शब्दांना अडत असेल, बोलण्यात चलाख आणि वाचनात फार मागे असेल, तर डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असू शकते. ‘तारे जमीन पर’ या २००७ च्या चित्रपटामुळे हा शब्द अनेकांनी ऐकला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. शासकीय किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

या तपासणीत लाजण्यासारखे काही नाही. उलट, कारण कळल्यावर अनेक मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण कमी होतो. आजवर ते स्वतःला आळशी समजत होते, कारण सगळे तसेच म्हणत होते. आता त्यांना कळते की मेंदूची वाचण्याची वाट थोडी निराळी आहे आणि त्या वाटेने शिकवण्याच्या पद्धतीही आहेत. तपासणीचा निकाल मुलापासून लपवू नये. त्याला समजेल अशा साध्या शब्दांत सांगावा. न सांगितल्यास ते स्वतःच कारण शोधते आणि ते कारण बहुधा ‘मी बिनडोक आहे’ हेच असते.

वाचन मागे पडले तर ते दहाव्या वर्षीही भरून काढता येते, बाराव्यालाही. पण ‘हे माझे काम नाही’ असे मुलाने एकदा ठरवले की त्याला पुस्तकापर्यंत परत आणायला फार वेळ लागतो. म्हणून आज मगरिबनंतर टीव्ही आणि मोबाइल पंधरा मिनिटे बाजूला ठेवून मुलाला जवळ बसवावे, त्याला झेपेल असे एक पान द्यावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. पान संपल्यावर त्याने जे खरोखर चांगले केले ते एका वाक्यात सांगावे. उद्या पुन्हा तेच पान घ्यावे.